पावसाळ्यात जोडी बसली आहे? सॉफ्ट फूडच्या या चुका टाळा

बेळगावात पावसाची झड लागली की मोड आणायचं फडकं दोन-दोन दिवस वाळत नाही. खानापूर, जांबोटीकडे तर घराच्या भिंतींनाही ओल येते. नेमक्या याच दिवसांत माझ्याकडच्या बजींच्या (पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पोपटांच्या) घरट्याच्या मडक्यांत पिल्लं असतात. सॉफ्ट फूडमध्ये, म्हणजे अंडं, मोड आणि भाजीच्या मऊ खाण्यात, काय घालायचं हे बहुतेकांना पाठ असतं. पिल्लं दगावतात ती वाटी पिंजऱ्यात फार वेळ राहिल्यामुळे.

एका जुलैत मी सकाळी सातला ठेवलेली वाटी संध्याकाळी कामावरून आल्यावर उचलली. वरून अंड्याचा चुरा ताजा, पिवळाधमक दिसत होता. चमचा घातला तर खालच्या मुगाला तार सुटली. दुसऱ्या दिवशी मडक्यात टॉर्च मारला, तेव्हा पाचातली तीन पिल्लं गार पडली होती. उरलेल्या दोघांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी आदल्या दिवशीच्याच खाण्यानं फुगलेली, हाताला कणकेच्या गोळ्यासारखी लागत होती. शेजारचे काका म्हणाले, "सकाळी तर ताजं होतं की ओ!" ताजं होतंच, पण सकाळी.

तेव्हापासून वाटी दोन तासांत बाहेर, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. दिवसभर घरी कोणी नसेल तर सकाळी लवकर द्या, निघताना उचला आणि पिंजऱ्यात फक्त कोरडं राळं-बाजरी ठेवा. उरलेलं पुन्हा फ्रीजमध्ये टाकून संध्याकाळी देऊ नका.

दुसरी मोठी चूक मोडांची. उसळीसाठी आपल्याला बोटभर मोड आवडतात, पक्ष्यांसाठी टोक दिसलं की पुरे. मूग किंवा मटकी आठ तास भिजवा आणि पाणी मध्ये एकदा बदला. मग चाळणीत निथळून दिवसातून तीनदा धुवा. ओलं फडकं घट्ट बांधून डब्यात कोंबलं की पावसाळ्यात बुरशी येतेच. मूठभर मूग नाकाशी धरा. कच्च्या शेंगेसारखा हिरवा वास आला तर चांगले, आंबूस आला तर सगळे फेका, धुऊन वाचवायला जाऊ नका. जून ते सप्टेंबर मी मोड पाच मिनिटं वाफवूनच देतो. थोडं सत्त्व गेलं तरी चालेल. राजमा आणि पावटा मात्र कच्चे किंवा मोड आणूनही नकोत. कोवळं मक्याचं कणीस या दिवसांत स्वस्त मिळतं, पक्षी तुटून पडतात, पण वाटीत सगळ्यात आधी तेच आंबतं.

मिश्रण ओलं ठेवणं हीही नेहमीची चूक. एका बजीच्या जोडीला पिल्लं असताना माझं एका वेळचं माप असं: पाव उकडलेलं अंडं, एक चमचा मूग, अर्धा चमचा किसलेलं गाजर, अर्धा चमचा बारीक चिरलेला शेवग्याचा पाला. ओल शोषायला राळ्याचा मोकळा, गार भात. मुठीत दाबलं की मुटका व्हावा आणि बोट लावताच फुटावा. बोटांतून पाणी आलं तर आणखी भात घाला. अंडं पाण्याला उकळी फुटल्यावर बारा-पंधरा मिनिटं शिजवा, कवच तव्यावर कडक करून कुटून चिमूटभर मिसळा.

भाजी बाजारातून आणली की तीन-चार पाण्यांनी धुऊन कोरडी करा, फवारणीचा भरवसा नसतो. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक ॲसिड कॅल्शियम अडवतं. अंडी धरणाऱ्या मादीला तेच सर्वांत जास्त लागतं. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस (कटलफिशचं कॅल्शियमवालं हाड) मिळतो, तो पिंजऱ्यात कायम टांगा. सकाळचं कोवळं ऊन मिळालं की अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि कॅल्शियम लागू पडतं. खिडकीच्या काचेआडचं ऊन यासाठी उपयोगाचं नाही. मादी पिसं फुगवून तळाशी बसली आणि जोर लावताना दिसली, तर अंडं अडकलेलं असू शकतं. तिला उबेत ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

घरातली फोडणीची उसळ, दुधात भिजवलेला पाव, कांदा-लसूण, ॲव्होकॅडो यांतलं काहीही नको.

पिल्लं फुटल्यावर पहिल्यांदा सॉफ्ट फूड देणाऱ्यांची तक्रार असते की आईबाप वाटीला तोंडच लावत नाहीत. अनोळखी खाण्याला बजी दोन-चार दिवस बिचकतात आणि पिल्लांना तेवढा वेळ नसतो. म्हणून मडकं लावण्याआधी पंधरा दिवस, एक दिवसाआड सवय लावा. अंडी उबवताना आठवड्यातून दोनदा पुरे. बजीचं अंडं साधारण 18 दिवसांत फुटतं. पहिलं पिल्लू चिवचिवलं की रोज दोनदा, थोडं थोडं.

रात्री भरलेली गळ्याखालची पिशवी सकाळी रिकामी दिसली पाहिजे. तशीच फुगलेली असेल आणि चोचीला आंबट वास येत असेल, तर सोडा, ओवा असले घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. हिरवा पाला खाल्ल्यावर शीट थोडी पातळ होते, त्याला घाबरायचं कारण नाही.

पिल्लं महिना-सव्वा महिन्याची होऊन मडक्याबाहेर आली आणि दाणे सोलायला लागली की अंडं हळूहळू बंद करा. रोजचं अंडं चालू राहिलं तर मादी लगेच पुढची अंडी घालते, आणि अशा सलग तिसऱ्या खेपेला ती हाडाला लागते. दोन खेपा झाल्या की मडकं काढा, नर-मादी वेगळी करा आणि तिला तीन-चार महिने साधं राळं-बाजरी, हिरवा पाला आणि समुद्रफेसावर ठेवा.