शिंगराला तोंडावाटे अँटिबायोटिक देताय? या चुका टाळा

"मागं याच औषधानं बरं झालं होतं, आता काऊन लागू नाही पडून राह्यलं?" वरातीच्या घोड्या पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. चिठ्ठी जुनी, औषध तेच, शिंगरू मात्र मधल्या काळात तीन-चार महिन्यांनी मोठं झालेलं. बहुतेक वेळा घोटाळा तिथंच असतो.

जुनी चिठ्ठी पुन्हा चालवणं

निव्वळ दुधावरचं शिंगरू आणि चाऱ्याला लागलेलं शिंगरू, औषध शोषण्याच्या बाबतीत ही दोन वेगळी जनावरं समजा. सेफाड्रॉक्सिल या अँटिबायोटिकचंच घ्या. महिन्याभराच्या शिंगराला ते तोंडावाटे दिलं तर जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. पाचव्या महिन्यात तेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येतं. पेनिसिलिन गटातल्या अमॉक्सिसिलिनची गतही तशीच. आठवड्याभराच्या शिंगरात साधारण ४० टक्के शोषलं जातं, मोठ्या घोड्यात १० टक्केही नाही.

यावर काही जण सरळ हिशेब करतात: कमी शोषतं ना, मग मात्रा दुप्पट करू. हे फार वाईट. न शोषलेलं औषध आतड्यातच राहतं आणि पुढे मोठ्या आतड्यात जातं. चारा आंबवून पचवणारे जिवाणू तिथंच असतात, आणि शिंगरू आईचं शेण खाऊन तेच तर पोटात घेत असतं. (शेण खातं म्हणून त्याला मारू नका, पहिल्या काही आठवड्यांत ते नैसर्गिक आहे.) हे जिवाणू मेले की जी हगवण लागते, ती मूळ आजारापेक्षा लवकर जीव घेऊ शकते. म्हणून दूध सुटत आलेल्या शिंगराला डॉक्टर पेनिसिलिन गटातलं औषध तोंडावाटे न देता इंजेक्शनानं देतात. सुई टाळा म्हणून त्यांच्या मागे लागू नका.

मात्रा अंदाजानं, नाहीतर लेकराच्या मापानं

मेडिकलमधून लहान मुलांचं ड्राय सिरप आणलं जातं आणि "बारकं आहे" म्हणून एक झाकण पाजलं जातं. हिशेब करून पाहा. ४० किलोच्या शिंगराला किलोमागे २० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन धरलं तर एका वेळेला ८०० मिलिग्रॅम होतं. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपमधून तेवढं काढायचं तर ३२ मिली लागतं, म्हणजे ३० मिलीची अख्खी बाटली एका डोसलाही पुरत नाही. शिवाय हे औषध दिवसातून तीन-चारदा द्यावं लागतं. एक झाकण सकाळी, एक संध्याकाळी दिलं तर जंतू मरत नाहीत, फक्त निर्ढावतात.

वजन मात्र खरंच करा. जन्मताना शिंगरू आईच्या साधारण दहाव्या हिश्श्याचं असतं आणि पहिल्या महिन्यांत झपाट्यानं वाढतं, त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वीची मात्रा आज अपुरी पडते. बारकं असेल तर त्याला कवेत घेऊन काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. मोठं असेल तर सोयाबीन-तूर मोजायचा अडत्याकडचा काटा चालतो. छाती-लांबी मोजून वजन काढायचं मोठ्या घोड्याचं सूत्र शिंगराला जसंच्या तसं लावू नका.

उन्हाळ्यातलं न्यूमोनियाचं औषध

आपल्याकडे सगळ्यात जपावं लागतं ते इथं. ऱ्होडोकॉकस इक्वाय नावाचा जंतू मातीत आणि लिदीत वाढतो, धुळीबरोबर फुफ्फुसात जातो आणि एक ते सहा महिन्यांच्या शिंगरांना पकडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेलं शिंगरू या वयात येतं तेव्हा अकोला, चंद्रपूरकडे नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तापत असतो आणि गोठ्यात धुरळा उडत असतो. या आजारावर अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन आणि सोबत रिफाम्पिसिन देण्याची पद्धत आहे. एरिथ्रोमायसिनच्या या गटाची एक खोड आहे: शिंगराचा घाम कमी होतो. उपचाराच्या पहिल्या काही दिवसांतच हे सुरू होतं आणि औषध थांबल्यावरही काही काळ टिकतं. ४५ अंशांच्या उन्हात घाम न येणाऱ्या शिंगराचा ताप ४१च्या वर जायला वेळ लागत नाही.

मग मालकाला वाटतं, औषध लागूच पडत नाही, अजून कडक द्या. आधी मानेवर, काखेत हात फिरवा. धाप लागलेली, कातडी तापलेली आणि कोरडी ठणठणीत असेल तर सावलीत घ्या, पाणी मारा, वारा घाला आणि डॉक्टरांना फोन करा. टिनाच्या शेडखाली बांधणं म्हणजे उन्हातच बांधणं. ताप पहाटे मोजा. दुपारच्या आकड्यावरून आजार ओळखू येत नाही.

रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी-तांबडी होते, हातालाही रंग लागतो. ते रक्त नाही, घाबरू नका. पण घरात कुणाच्या टीबीच्या गोळ्या उरल्यात म्हणून एकट्या रिफाम्पिसिनवर शिंगरू ठेवू नका, जंतू त्याला फार लवकर दाद देईनासा होतो. जोडी लावणं हेही डॉक्टरांचंच काम, कारण रिफाम्पिसिनमुळे क्लॅरिथ्रोमायसिनची रक्तातली पातळी बरीच खाली येते. हा उपचार आठवड्यांचा असतो. ताप उतरला म्हणून दहाव्या दिवशी थांबवला की फुफ्फुसातल्या पुवाच्या गाठी आत तशाच राहतात.

आता घोडीचं. एरिथ्रोमायसिन चालू असलेल्या शिंगराच्या तोंडाला, लेंड्यांना लागलेलं थोडंसं औषध घोडीच्या पोटात गेलं तर तिला जीवघेणी हगवण लागू शकते. स्वीडनमध्ये अशा घोड्या मेल्याची नोंद आहे. औषध दिलं की शिंगराचं तोंड पुसा, हात आणि भांडी घोडीच्या हौदात धुऊ नका, शिंगराची लीद लगेच उचला.

कोंबड्या-गुरांचं उरलेलं

पोल्ट्रीसाठी आणलेलं एन्रोफ्लॉक्सासिनचं द्रावण शिंगराच्या तोंडात ओतू नका, वाढत्या सांध्यांची कूर्चा त्यानं खराब होते. लिंकोमायसिन घोड्याच्या जातीलाच वर्ज्य. जेंटामायसिनचं इंजेक्शन तोंडावाटे पाजलं तर ते रक्तात जातच नाही, म्हणजे पैसे वाया. आणि जन्मानंतर साधारण सात ते बारा दिवसांत, घोडी पहिल्यांदा माजावर येते त्याच सुमारास, शिंगराला जी पातळ हगवण लागते तिला बहुधा अँटिबायोटिक लागतच नाही. खेळतंय, पितंय, ताप नाही, तर शेपटीखाली धुऊन थोडं तेल लावा आणि लक्ष ठेवा. पिणं सोडलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

पाजताना

बैलासारखी मान वर करून बाटलीनं ओतू नका, औषध फुफ्फुसात जातं. सुई काढलेली मोठी सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून जिभेवर न्या आणि थोडं थोडं सोडा. आधी तोंडात चारा नाही ना, बघा. कडू असेल तर थोड्या गुळाच्या पाकात कालवा, आणि चूर्ण तळाशी बसतं म्हणून दरवेळी हलवा. तयार केलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप फ्रिजमध्ये ठेवा, गोठ्याच्या कोनाड्यात ते टिकत नाही. रिफाम्पिसिन चाऱ्याआधी दिलं तर बरं शोषलं जातं. पण त्यासाठी कोवळ्या शिंगराला तासन् तास आईपासून तोडू नका. ते तासातून अनेकदा पितं, उपाशी राहिलं तर साखर उतरून आडवं होतं.

तीन दिवसांत फरक दिसला नाही तर जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन लावा किंवा तालुक्याच्या दवाखान्यात जा. सोबत औषधाची बाटली, वजनाचा आकडा, डोसच्या वेळा आणि पहाटेचे ताप लिहिलेला कागद न्या. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जायची वेळ आली तर गाडी उन्हं चढण्याआधी काढा, आणि घोडीलाही सोबत चढवा.