नेलपेंटचे थर आणि स्टॅम्पिंग: एकाला धीर लागतो, दुसऱ्याला घाई

स्टॅम्पिंग म्हणजे डिझाइन कोरलेल्या धातूच्या प्लेटवर पेंट लावायचं आणि ते डिझाइन मऊ स्टॅम्परने उचलून नखावर उमटवायचं. आधीच कबूल करते, माझ्या पहिल्यावहिल्या स्टॅम्पिंग प्लेटवर मी अर्धा तास घासाघीस केली, पेंट लावलं, खरवडलं, स्टॅम्पर दाबला, हाती शून्य, मग प्लेटच फालतू निघाली म्हणून चिडचिड केली आणि तेवढ्यात बहिणीने येऊन प्लेटवरची निळी पारदर्शक फिल्म सोलून काढली. बऱ्याच नवीन प्लेटवर ती फिल्म असते आणि डिझाइन तिच्यातून मस्त दिसतं, त्यामुळे फिल्म आहे हे कळतच नाही. तर पहिलं काम ते.

आता थर आणि स्टॅम्पिंग एकाच दिवशी करायचं असेल तर एक लक्षात ठेवा, दोघांचे स्वभाव एकदम उलटे आहेत. थर लावताना घाई केली की वाट लागते, आणि स्टॅम्पिंग करताना निवांत बसलात तरी वाट लागते.

आधी थर. नवीन काही विकत आणू नका, कपाटातल्या बाटल्या काढा. प्रत्येकीकडे एक तरी अशी बाटली असतेच जी दुकानात भारी दिसली आणि घरी नखावर नुसतं पाणी. ती इथे कामाला येते. खाली काळ्याचा एक कोट, तो वाळला की वर ती पातळ शिमर, आणि बघा, जी शिमर नुसत्या नखावर दिसतच नव्हती ती एकदम उठून येते. निऑन रंगाचं उलटं असतं, त्याला खाली पांढरा लागतो, नाहीतर तो मळकट दिसतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते जेली सँडविच. एका रिकाम्या बाटलीत साधं पारदर्शक नेलपेंट घ्या, त्यात लाल किंवा राणी कलरचे चार-पाच थेंब टाकून हलवा, झाली जेली. मग एक थर जेली, त्यावर ग्लिटर, परत वर जेली. काचेच्या गोटीत आत काहीतरी अडकलेलं दिसतं ना, सेम तसं दिसतं.

पण थर पातळच हवेत, यात तडजोड नाही. नेलपेंट वाळतं म्हणजे त्यातलं सॉल्व्हंट उडून जातं, आणि जाड कोट लावला की दुधावर साय धरते तसं वर कातडं धरतं आणि खालचं सॉल्व्हंट आत कोंडून बसतं. मग अर्ध्या तासाने वाळलं असेल म्हणून चादर ओढायला जावं तर नखावर चादरीची वीण उमटलेली. दोन कोटांत निदान तीन-चार मिनिटं जाऊ द्या, आणि खाली बेस कोट लावाच, नाहीतर गडद लाल काढल्यावर नखं पिवळी दिसतात. बाटली घट्ट झाली असेल तर नेलपेंट थिनरचे दोन-तीन थेंब घाला, रिमूव्हर नको, त्याने पेंटचं टेक्स्चरच बिघडतं.

आता स्टॅम्पिंग. कोरियाच्या कोनाड कंपनीच्या प्लेट्समुळे हे बरंच पसरलं, आता ऑनलाइन ढिगाने प्लेट्स मिळतात. हा ठसाच आहे, फक्त इथे रंग कोरलेल्या खाचेत भरायचा असतो. बऱ्याच पेनांवर कंपनीचं नाव छापतात तेही असंच, सिलिकॉनच्या मऊ पॅडने.

सुरू करायच्या आधी पंखा बंद करा. मे महिन्यात ही शिक्षा आहे, मान्य, पण प्लेटवरचा पेंट खाचेतच वाळला तर स्टॅम्परवर काय येणार? खिडकी मात्र उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. आणि जवळ गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको, प्लेट पुसायचं अॅसिटोन लगेच पेट घेतं.

नखावरचा खालचा रंग अगदी पक्का वाळलेला हवा, ओला असेल तर स्टॅम्पर तोच उचलून नेतो. मग प्लेटवर डिझाइनच्या एका टोकाला पेंट लावायचं, जुनं एटीएम कार्ड तिरकं धरून एकदाच ओढायचं (लोखंडी स्क्रेपरने माझ्या एका प्लेटवर चरे पडलेत), लगेच स्टॅम्पर हलकेच टेकवून उचलायचा आणि लगेच नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घोळवायचा. हे सगळं चार-पाच सेकंदांत. इथे फोन वाजला तर वाजू द्या. आणि जोर लावू नका, जोराने दाबलं की नाजूक रेषा फिसकटतात.

डिझाइन उचललंच जात नसेल तर बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एक, पेंट पातळ आहे. स्टॅम्पिंगचं वेगळं पेंट मिळतं, पण एकाच कोटात नख पूर्ण झाकणारं साधं नेलपेंटही बऱ्याचदा चालतं, मेटॅलिक सोनेरी तर छानच. जांभळ्यावर सोनेरी कुयऱ्या काढल्या तर पैठणीशेजारी काय दिसतं! दुसरं कारण म्हणजे तेलकटपणा. मॉइश्चरायझरवाल्या रिमूव्हरने प्लेट पुसली की तिच्यावर तेलकट थर राहतो, म्हणून प्लेटला साधं अॅसिटोन वापरा. स्टॅम्परला मात्र अॅसिटोन लावू नका, पारदर्शक असेल तर तो धुरकट होतो. सेलोटेप चिकटवून ओढली की तो स्वच्छ.

उजव्या हाताचं रडगाणं सगळ्यांचं सारखंच, डावा हात थरथरतो. मी स्टॅम्पर टेबलावर उताणा ठेवते आणि नखच त्याच्यावर नेऊन घोळवते. नखाभोवतीच्या कातडीला आधी फेविकॉल लावून वाळवून ठेवलं तर बाहेर गेलेला रंग त्याच्यासकट सोलून निघतो, पण नखावर येऊ देऊ नका, नाहीतर डिझाइनही सोलून निघेल.

मग टॉप कोट, आणि इथेच सगळी मेहनत फिसकटते. स्टॅम्प केल्यावर दोनेक मिनिटं थांबा, ब्रशवर टपोरा थेंब घ्या आणि तो थेंबच नखावरून सरकवा, ब्रशचे केस डिझाइनला लागू देऊ नका. एकदाच, परत फिरवायचं नाही. तरी काळ्या डिझाइनचा रंग पसरत असेल तर पाण्याच्या बेसवाला टॉप कोट मिळतो, तो आधी लावायचा.

आणि पांढरं डिझाइन केलं असेल तर त्या दिवशी आमटी-भात चमच्याने खा. टॉप कोटवर हळद चढते. माझ्या पांढऱ्या जाळीदार डिझाइनला दुसऱ्याच दिवशी ऑफिसमध्ये ‘वा, लेमन यलो का’ असं विचारलं गेलं, मी हो म्हटलं.