फादरविरुद्ध तक्रार करायची तर

पहिला प्रश्न एवढाच: ज्याला त्रास झाला ते मूल अठराच्या आतलं आहे का? असेल तर बिशप हाऊस (बिशपांचं कार्यालय) नंतर, आधी पोलीस ठाणं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे बंधनकारक आहे. फादर, सिस्टर, कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) टीचर, पॅरिश कौन्सिलवाले (गावच्या चर्चच्या समितीतले), कुणीही यातून सुटत नाही. लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आपापसात मिटवू, झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणणारे एक अंकल आम्हां वसईकरांच्या प्रत्येक गावात असतात. त्यांच्या हातात मी या कलमाची झेरॉक्स ठेवते. निवृत्त शिक्षिका आहे, कागद वाटायची सवय जात नाही.

मुलाला घरातल्या दहा जणांनी पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत असा नियम आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. मुंबईत 2015 मधल्या अशा एका प्रकरणात फादरला जन्मठेप झाली, पण ती 2021 च्या डिसेंबरात. म्हणजे त्या कुटुंबाला वर्षानुवर्षं डबा, सोबत आणि कोर्टाच्या तारखेला गाडी लागते. शेजाऱ्यांनी हे वाटून घ्यावं.

एक गोष्ट बजावून सांगते: अशी तक्रार कुमसारात (फादरपुढे पापांची कबुली देताना) सांगू नका. तिथे ऐकलेलं फादरला बाहेर काढता येत नाही, त्यामुळे पुढे काहीच हलत नाही.

पॅरिशच्या शाळेत किंवा ऑफिसात नोकरी करणाऱ्या बाईला छळ झाला, तर दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिन्यांची आहे, विचार करण्यात घालवू नका. पैशांचा घोळ असेल आणि चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा.

आता चर्चची वाट. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये काढलेला ‘व्होस एस्तिस लुक्स मुंदी’ हा नियम 2023 पासून कायमचा झाला. लैंगिक अत्याचाराच्या आणि तो दडपल्याच्या तक्रारी घेण्याची सोय प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपच्या हद्दीत) हवी, तक्रारदाराला गप्प राहायची अट घालता येत नाही आणि त्याचा सूडही घेता येत नाही, असं त्यात आहे. तक्रार खुद्द बिशपविरुद्ध असेल तर ती आर्चबिशपांकडे जाते, वसईच्या बाबतीत मुंबईला.

बिशप हाऊसला तोंडी भेटीला जाऊ नका. चहा मिळतो, ‘प्रार्थना करू या’ मिळतं, हातात काही येत नाही. पत्र एका पानाचं लिहा: कोण, कुठे, कधी, कुणी पाहिलं, आणि तुम्हाला काय हवं. ‘फादर फार वाईट आहेत’ हे वाक्य खोडा. ‘अमुक रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत मुलीला एकटीला थांबवलं’ हे ठेवा. (मिस्सा म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, सॅक्रिस्टी म्हणजे फादरांची तयारीची खोली.) मुलाचं नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, तो स्वतंत्र गुन्हा होतो. पत्राच्या दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तिथला क्लार्क ‘ऑफिसचे फादर जेवायला गेलेत’ म्हणेल. पोच द्यायला फादर लागत नाहीत, बाकावर बसून राहा. शिक्का नाहीच दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.

पुढे बाप्तिस्म्याचा दाखला अडेल, लग्न अडेल, शाप लागेल, असं कुणीतरी सुचवेलच. दाखला अडवला तर ती नवी तक्रार, तिचं वेगळं पत्र. महिनाभरात उत्तर आलं नाही तर पहिल्या पत्राचा आवक क्रमांक घालून दुसरं पाठवा आणि त्याची प्रत दिल्लीला, पोपच्या राजदूतांच्या कार्यालयात.