मृगाआधीची तयारी : नागपूरच्या अंगणातल्या छाटणी आणि कलमांसाठी

नागपुरात फुलझाडांची छाटणी जूनच्या मध्यानंतर, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर करायची. तिची तयारी मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायला हवी. पुण्याकडच्या तारखा इथे लावू नका. मे संपता संपता इथे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू असतो, पारा 45 च्या आसपास असतो आणि जास्वंद दुपारी अगदी मान टाकून उभी असते. तेव्हा 'जरा मोकळी करू' म्हणून कात्री लावली, की आत सावलीत वाढलेल्या फांद्यांची साल उघडी पडून भाजते, आणि पुढे पावसात त्याच भेगांमधून बुरशी शिरते. ती मलूल दिसणारी पानं झाडाचं छत्र आहेत, ती राहू द्या. मृग 7-8 जूनला लागतो म्हणून त्याच दिवशी छाटायला बसायचं असंही नाही. खुरप्याने वीतभर खोल माती काढून बघा. आतून ओली निघाली, की वेळ झाली.

मेमधलं पहिलं काम रेतीचं. आपली काळी माती कलमांना चालत नाही. पावसात ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि काडी खालून काळी पडते. कन्हानची जाडसर रेती आणा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. दोन भाग रेती आणि एक भाग भिजवलेलं कोकोपीट हे मिश्रण पुरेसं आहे. त्यात शेणखत, गांडूळखत काहीही घालू नका, मुळं नसलेल्या काडीला खताचा उपयोग नाही आणि कुजण्याचं भय वाढतं. हे मिश्रण ओलसर करून गच्चीवर चार-सहा इंचांच्या थरात पसरा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून कडा विटांनी दाबा आणि तीन-चार आठवडे तसंच ठेवा. आतली वाफ आणि ऊन मिळून बुरशी, सूत्रकृमी, तणांचं बी बरंचसं मारून टाकतात. नवतप्याचं ऊन इतकं फुकट मिळतं, ते वाया का घालवायचं? काळं प्लॅस्टिक मात्र नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घालायची आपल्याकडे सवय आहे. कलमांना ते कधीही देऊ नका. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, आणि आपल्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर असतो. अनंत आणि एक्झोरा यांची कोवळी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही.

हत्यारांत एक चांगला सिकेटर (छाटणीची कात्री), जाड फांद्यांसाठी छोटी करवत आणि डोळे (फांदीवरचे कोंब) भरायचा चाकू एवढं पुरे. सिकेटरचं पातं ज्या बाजूने उतरतं असतं, तेवढीच बाजू दगडावर घासा. हिरवी काडी कापून बघा, कड चेंदलेली दिसली तर धार नाही. स्पिरिटची बाटली आणि जुनं फडकं जवळ असू द्या, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं पुसायचं. नावाच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या कापा आणि त्यावर शिसपेन्सिलीने लिहा; मार्करची शाई आपल्या उन्हात उडते.

झाडांची खरी तयारी म्हणजे खुणा करून ठेवणं, आणि ती फुलं असतानाच करायची. कुठल्या फांदीला टपोरी, रंगदार फुलं येतात ते आत्ता दिसतं, जूनमध्ये नुसता हिरवा गचपण दिसेल. काड्या जिच्या घ्यायच्या तिला लाल चिंधी, गुटी जिच्यावर बांधायची, म्हणजे झाडावरच ठेवून जिला मुळं फोडायची, तिला पांढरी. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) असलेली फांदी कलमाला घेऊ नका. जास्वंदीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर तो बहुधा शेंड्यात असतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढा, मग संध्याकाळी निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारा.

सगळी झाडं जूनच्या यादीत नाहीत. जास्वंद, तगर, कण्हेर आणि उन्हाळाभर फुललेली बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात, ती पावसाच्या सुरुवातीला छाटा. जास्वंदीची हलकी छाटणी जूनअखेर झाली, तर महालक्ष्म्यांच्या सुमाराला अंगणातलीच फुलं मिळतात. अनंताचा बहर संपल्याशिवाय त्याला हात लावू नका. कुंदा थंडीत फुलतो, म्हणून तो फेब्रुवारीअखेर. मोगऱ्याचं मात्र वेगळं आहे. काटोल-वरुडकडे संत्र्याला आंबिया बहरासाठी थंडीत ताण देतात, तसाच ताण मोगऱ्यालाही लागतो. डिसेंबरमध्ये पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग गुडघ्याएवढा ठेवून छाटायचा आणि खत-पाणी सुरू करायचं. गुलाब ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पूर्ण गेल्यावर. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. तेव्हा तीन-चार दणकट फांद्या ठेवून, बाहेरच्या दिशेला बघणाऱ्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्या.

जाड कापांवर लावायला बोर्डो पेस्ट. घरापुरती 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्ध्या-अर्ध्या पाण्यात विरघळवा आणि मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको. चकचकीत घासलेलं लोखंडी पातं मिश्रणात मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा आणखी घाला. त्याच दिवशी वापरून टाका.

छाटणीच्या सकाळी ऊन चढायच्या आत ओल्या फडक्याची बादली घेऊन उतरा. कलमाची काडी शिसपेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची हवी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरका, म्हणजे उलटसुलट होत नाही. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. खालचं टोक मुळं फुटायच्या पावडरमध्ये बुडवून, झटकून, रेतीच्या मिश्रणाने भरलेल्या पिशवीत आधी पाडलेल्या भोकात लावा; काडी रेतीत खुपसली तर पावडर पुसली जाते. कण्हेर कापताना हातमोजे घाला. तिची छाटलेली पानं-फांद्या रस्त्याकडेला टाकू नका, जाळू नका. आपल्या रस्त्यांवर गाई फिरतात, आणि हे झाड सगळंच विषारी आहे, धूरसुद्धा.

गुटी अनंतावर आणि दाट पाकळ्यांच्या जास्वंदीवर चांगली बसते. एक इंच रुंदीची साल गोल काढली, की आतलं पांढरं लाकूड हाताला बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा चाकूच्या पाठीने खरवडून काढा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. मग भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर लावा, पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं घट्ट बांधा.

लावलेल्या काड्या उत्तरेच्या भिंतीशी, हिरव्या जाळीखाली ठेवा. पिशव्यांना खाली भोकं आहेत ना, हे पुन्हा एकदा बघा. पावसाने ओढ दिली की दिवसातून दोनदा नुसतं शिंपडायचं. उपटून बघायचा मोह होतो, तो टाळा. जास्वंदीला तीन-चार आठवड्यांत मुळं येतात, बोगनवेलीला त्याच्या दुप्पट वेळही लागतो. नवी पालवी फुटली म्हणजे मुळं आलीच असं नाही, काडीतल्या साठ्यावरही ती फुटते. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर डोकावलं, की मग काळी माती, रेती आणि शेणखत सम प्रमाणात भरलेल्या कुंडीत हलवा आणि आठवडाभर सावलीतच राहू द्या.