पोरीच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं!

नेदरलँडची नोकरी पक्की झाली, कंपनीनं माझ्यासोबत बायको-पोरीचापण अर्ज करतो म्हणलं, आम्ही शेंगाचटणीचे डबे मोजत बसलो होतो अन् तेवढ्यात मेल आला की पोरीच्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा आहे. चूक माझीच, बारसं होण्याआधी दाखला काढला अन् सात वर्षं लॅमिनेशन करून कपाटात ठेवला (लॅमिनेशन करूच नका, शिक्का कुठं मारणार?).

मग इंद्रभुवनात, म्हणजे आमच्या सोलापूर महापालिकेत गेलो. नाव १५ वर्षांपर्यंत घालता येतं, वर्षानंतर लेट फी लागते एवढंच. शाळेचा बोनाफाईड, आमची आधार कार्डं दिली, नवीन दाखला मिळाला. पण त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरावा म्हणून लागणारा शिक्का) पाहिजे, म्हणून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत, आधी मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल एजंटामार्फत, लग्नाचा दाखलापण त्यातच उरकला. पुढं एमव्हीव्ही, म्हणजे नेदरलँडला राहायला जाण्यासाठीचा प्रवेश व्हिसा आला. बायकोला तिथं वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येते, तिथं पर्मनंट राहायच्या परवान्याचं मात्र ५ वर्षांनी बघायचं.

आई अजून विचारती, चादरी किती देऊ.