परीक्षांची पानं लावायला बसण्याआधी

मागच्या वर्षी दादरला मित्राच्या घरी आम्ही चौघं लॅपटॉप उघडून बसलो आणि मराठी विकिपीडियावरची परीक्षांची, म्हणजे प्रमाणित चाचण्यांची, पानं दोन रविवारांत 'लावून टाकली'. ती निस्तरायला पुढचे दोन महिने गेले. तुम्ही बसणार असाल तर एवढं आधी करा.

खातं, धूळपाटी (विकिपीडियावरचं सरावाचं पान), चार्जर हे सांगायला नको.

आधी व्याप्ती ठरवा, म्हणजे कोणत्या परीक्षा आत घ्यायच्या ते. प्रमाणित चाचणी म्हणजे सगळ्यांना अटी सारख्या आणि गुण द्यायची रीतही सारखी. या मापाने जेईई, नीट, अमेरिकेची कॉलेजप्रवेशाची सॅट आत येतात. फ्रान्सच्या बिने आणि सिमाँ यांची १९०५ची बुद्धिमापन चाचणीसुद्धा येते. त्याच साली चीनने सरकारी अधिकारी निवडायची शेकडो वर्षांची शाही परीक्षा बंद केली. इतिहासाच्या लेखात या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवता येतील. दहावी-बारावीचं काय? यावर आमचा अख्खा चहा थंड झाला. माझं मत, त्यांचा वर्ग (विकिपीडियावरचा लेखांचा गट) वेगळा करा आणि मुख्य लेखातून दुवा द्या. तुमचं वेगळं असेल तर वेगळं. पण ते चर्चा पानावर लिहून ठेवा, नाहीतर दर महिन्याला नवा माणूस येऊन तोच वाद उकरतो.

आता आम्ही विसरलो ते. जुनी नावं. एकही पान बनवण्याआधी प्रत्येक परीक्षेची आजवरची सगळी नावं कागदावर उतरवा आणि प्रत्येकाचं पुनर्निर्देशन करा, म्हणजे जुनं नाव शोधणारा आपोआप योग्य पानावर पोचेल. आम्ही केलं नाही. कुणीतरी 'एआयईईई' (इंजिनीअरिंग प्रवेशाची जुनी परीक्षा) शोधलं, सापडलं नाही, म्हणून बिचाऱ्याने नवा लेख लिहिला. ती २०१३ पासून जेईई मेन झाली हे आमच्या पानावर होतं, पण त्या पानापर्यंत त्याने पोचायचं कसं? एआयपीएमटीचं, म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या जुन्या परीक्षेचं, त्याहून किचकट. २०१३ला नीट आली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१४ आणि २०१५ला पुन्हा एआयपीएमटीच झाली आणि २०१६ला नीट परतली. इथे नुसतं पुनर्निर्देशन पुरत नाही, लेखात सालवार परिच्छेद हवा. सॅट १९२६ साली 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट' म्हणून सुरू झाली, पुढे 'ॲप्टिट्यूड'चं 'असेसमेंट' झालं, आणि आता ती तीन अक्षरं कशाचंच लघुरूप नाहीत. म्हणून परत सांगतो, जुनी नावं आधी. लेख नंतर.

त्याला लागूनच निःसंदिग्धीकरण, म्हणजे एकाच नावाच्या वेगवेगळ्या गोष्टी वेगळ्या दाखवणं. 'सीईटी' म्हटलं की एकाला इंजिनीअरिंग आठवतं, दुसऱ्याला लॉ. 'सॅट' अमेरिकेची, आणि आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीतला पेपरही सॅटच. प्राध्यापकांची 'सेट' आणखी तिसरी. 'नीट' तर नीट शोधताच येत नाही, कारण तो शब्दच आपला. शीर्षकात कंसात 'परीक्षा' टाका.

वर्ग देशानुसार की हेतूनुसार? एक काहीतरी ठरवा. हेतूनुसार बरं पडतं: प्रवेश, पात्रता, मापन.

संदर्भ शक्यतो अधिकृत माहितीपत्रकाचे. कोचिंग क्लासच्या जाहिराती नकोत. साचा (पानावरची माहितीची ठरलेली चौकट) एकच, सगळीकडे तोच. विकिडेटाचे (सगळ्या भाषांच्या विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्याचे) दुवे कुणीतरी एकाने जोडावेत. चित्रं मिळाली तर मिळाली.

आणि तो नावांचा कागद घरी विसरू नका. बोरिवलीहून परत आणायला जाणार कोण?