व्हॅली फोर्जचा शिपाई थांबेल की घरी जाईल? उत्तर असे लिहावे

अमेरिकेतील शाळांमध्ये इतिहासाच्या तासाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७७७-७८ च्या हिवाळ्यात, तुम्ही सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथील छावणीत शिपाई असता आणि तुमची मुदत संपत आली असती, तर पुन्हा भरती झाला असता का? तेथील मराठी घरांतील आईवडील मुलांसोबत या प्रश्नाला बसतात, आणि उत्तर बहुधा ‘देशासाठी थांबलो असतो’ या एका वाक्यावर अडते. त्या वाक्यामागे खराखुरा माणूस उभा करायचा असेल, तर कामाला सुरुवात त्याच्या करारापासून करावी.

छावणीतील बहुसंख्य शिपायांनी तीन वर्षांसाठी किंवा युद्ध संपेपर्यंत नाव नोंदवलेले होते. त्यांच्यापुढे पुन्हा भरती होण्याचा प्रश्नच नव्हता. ते फार तर पळून जाऊ शकत होते, आणि पकडले गेल्यास पाठीवर शंभरापर्यंत फटके बसत. निवड खऱ्या अर्थाने होती ती व्हर्जिनियाच्या त्या जुन्या रेजिमेंटांतील शिपायांना, ज्यांची दोन वर्षांची बोली १७७८ च्या आरंभी संपत होती. म्हणून आपला शिपाई व्हर्जिनियाचा घ्यावा आणि तारीख फेब्रुवारीच्या मध्यावरची धरावी. हा बारकावा अनावश्यक वाटेल, परंतु ‘तीन वर्षे की युद्ध संपेपर्यंत’ या शब्दांच्या अर्थावरूनच १ जानेवारी १७८१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या रेजिमेंटांनी बंड केले होते.

तारीख ठरली की त्या दिवशी त्याला काय ठाऊक होते, तेवढेच त्याच्या तोंडी घालावे. ब्रँडीवाइन आणि जर्मनटाउन येथील पराभव त्याला ठाऊक आहेत, तीसेक किलोमीटरवरच्या फिलाडेल्फियात इंग्रज उबेत बसले आहेत हेही ठाऊक आहे, आणि ऑक्टोबरमध्ये साराटोगाला इंग्रजांचे एक सबंध सैन्य शरण आले हेही. मात्र ६ फेब्रुवारीला फ्रान्सशी झालेला मैत्रीचा तह त्याच्या कानावर आलेला नाही. त्याचा आनंद छावणीत ६ मे रोजी साजरा झाला. सैन्याला कवायत शिकवणारा प्रशियन अधिकारी श्टॉयबेन तर २३ फेब्रुवारीला पोहोचला. मुले नेमकी हीच दोन कारणे थांबण्याच्या बाजूने लिहितात, आणि माझ्या मते संपूर्ण उत्तरातील सर्वांत मोठी चूक तीच असते.

यानंतर त्याला झोपडीत बसवावे. लाकडी ओंडक्यांची, फटी मातीने लिंपलेली, चौदा बाय सोळा फुटांची ती खोली बारा जणांची असे. धूर बाहेर जाण्याऐवजी डोळ्यांत जाई. जेवणाला कित्येकदा फक्त पीठ आणि पाणी, त्याचा गोळा निखाऱ्यावर भाजलेला. आपला रोडगा ज्यांनी खाल्ला आहे, त्यांनी त्यातून मीठ, वरण आणि तूप काढून टाकावे, म्हणजे कल्पना येईल. वॉशिंग्टनने २३ डिसेंबरच्या पत्रात काँग्रेसला, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या मध्यवर्ती सभेला, कळवले की २,८९८ माणसे अनवाणी किंवा उघडी असल्यामुळे कामास निरुपयोगी आहेत.

थंडीवर मात्र सारा भार टाकू नये. त्याहून कितीतरी कडाक्याचा हिवाळा याच सैन्याने १७७९-८० मध्ये मॉरिसटाउनला काढला. व्हॅली फोर्जला माणसे खचली ती मुख्यतः गाड्या वेळेवर न आल्याने, चिखलाच्या रस्त्यांमुळे आणि पुरवठा खात्यातील बेबंदशाहीमुळे. सुमारे दोन हजार माणसे मेली, ती बहुतांशी तापाने आणि हगवणीने, आणि त्यांतील अनेक जण थंडी ओसरल्यावर. अल्बिजेन्स वॉल्डो या डॉक्टरची रोजनिशी पुरावा म्हणून देतात, तेव्हा दोन गोष्टी पाहाव्यात: तिच्यातील १४ डिसेंबरची प्रसिद्ध नोंद सैन्य छावणीत पोहोचण्याच्या पाच दिवस आधीची आहे, आणि डॉक्टरला राजीनामा देता येत असे, शिपायाला येत नसे.

मग हिशेब मांडावा. काँग्रेसने १७७६ मध्ये युद्धभर राहणाऱ्यास २० डॉलर आणि १०० एकर जमीन देऊ केली होती. डॉलर कागदी होते आणि त्यांची किंमत घसरत होती. जमीन तर युद्ध जिंकले तरच हाती येणारी. बापाची शेती असलेल्या मुलाला ही जमीन फार ओढणार नाही, त्याला तिकडे पेरणी दिसेल. भूमिहीनाला मात्र ते शंभर एकर रात्री झोपू देणार नाहीत. आपला शिपाई या दोघांपैकी कोण, हे एकदा ठरवले की निम्मे उत्तर आपोआप लिहिले जाते.

निर्णय कोणताही असो, विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट कारण खोडून टाकू नये. तो घरी निघाला असेल, तर पहाऱ्यावर जाणाऱ्या अनवाणी सोबत्यापुढे त्याच्या पायातले बूट त्याला जड होऊ द्यावेत. तो थांबला असेल, तर नव्या करारावर सहीऐवजी फुली काढताना त्याच्या मनात नांगर असू द्यावा.